एच६१ डायरी: इन्स्टॉल कुठे अडत होतं ते सापडलं

रॅमचा स्लॉट नंबर दोन.

मागच्या नोंदीनंतर ज्यांनी ‘रॅम बघ’ म्हणून सांगितलं होतं, ते निम्मे बरोबर निघाले. दोन्ही स्टिक ठणठणीत आहेत. भानगड स्टिकच्या खाली आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: ऑफिसच्या लॉटमधून भंगारात निघालेला डेस्कटॉप, दुसऱ्या पिढीचा इंटेल आय-३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर-३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन स्टिक. विंडोज १० चे फुकटचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून लिनक्स मिंट २२. पण इन्स्टॉलर फाइली कॉपी करता करता ‘इनपुट/आउटपुट एरर’ देऊन मान टाकायचा. कधी सुरुवातीलाच, कधी अगदी काठावर येऊन.

अडण्याची जागा दर वेळी बदलते, हीच खरी खूण होती. पेनड्राइव्हचा एखादा भाग खराब असेल तर साधारण एकाच ठिकाणी अडतं. तरी क्रमाने गेलो. पेनड्राइव्ह बदलला. एकाच पेनड्राइव्हवरून अनेक इमेज सुरू करणारं व्हेन्टॉय बाजूला ठेवून सरळ डीडी कमांडने इमेज लिहिली (व्हेन्टॉय एरवी माझं लाडकं, पण संशयित कमी करायचे असताना मध्ये दलाल नको). साटा केबल बदलली, एसएसडीच्या स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) केबलवरच्या चुका मोजणारा १९९ नंबरचा सीआरसीचा आकडा पाहिला: शून्य.

मग लाइव्ह मिंटमध्येच (पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) आयएसओचा, म्हणजे इन्स्टॉलच्या इमेज फाइलचा, एसएचए-२५६ हॅश काढला; फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळायचा हा आकडा. लॅपटॉपवर जुळला होता, इथे जुळेना. परत काढला तर तोच चुकीचा आकडा, कारण दुसऱ्यांदा फाइल डिस्कवरून वाचलीच जात नाही, कर्नल (लिनक्सचा गाभा) ती कॅशमधूनच, म्हणजे रॅममधल्या प्रतीतूनच देतो. कॅश रिकामी करून काढला, आणि तिसराच आकडा! जवळपास ३ जीबीची तीच फाइल आणि दर वाचनाला नवा हॅश. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. इन्स्टॉलर का मरतो तेही कळलं: लाइव्ह सिस्टीम स्क्वॉशएफएस नावाच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइल सिस्टीममध्ये दाबून भरलेली असते, वाटेत एक बिट उलटला तरी तो अख्खा ब्लॉक उलगडत नाही.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ लावल्यावर काही मिनिटांतच लाल ओळी. नीट बघितलं तर प्रत्येक ओळीत अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यात एकाच बिटचा फरक, आणि तो बिट कायम तोच. पत्ते मात्र सगळीकडे विखुरलेले. माझा बेत होता की कर्नलला मेममॅपची सूचना देऊन रॅमचा खराब भाग कर्नलपासून लपवायचा. तो इथेच बारगळला. लपवायचं म्हटलं तर किती लपवणार?

स्टिकची अदलाबदल केली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही स्टिक आळीपाळीने स्वच्छ पास. दुसऱ्यात कुठलीही घाला, तोच बिट. स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासले, स्लॉट आयसोप्रोपिल आणि मऊ ब्रशने साफ केला. फरक शून्य.

मग ठरवलं की दुसऱ्या स्लॉटचा नाद सोडायचा आणि पहिल्यात ८ जीबीची एकच स्टिक घालायची. सिंगल चॅनलमुळे (रॅमचा एकच रस्ता वापरात) ऑनबोर्ड ग्राफिक्स थोडं रखडेल, चालेल. पण स्वस्तातल्या ८ जीबी डीडीआर-३ स्टिक घेताना जपून. त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडी बोर्डावर चालणाऱ्या असतात, आणि काउंटरवर ‘सगळ्यात चालेल साहेब’ असंच ऐकू येतं. आपल्या इंटेल बोर्डावर चालते का, तेवढी खात्री करून घ्या.

हे इतकं लिहून झालं आणि डोक्यात आलं: रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर इथे बोर्डावर नाही, प्रोसेसरमध्येच आहे. स्लॉटची प्रत्येक तार शेवटी सॉकेटच्या एखाद्या पिनेवर जाते. कायम एकच बिट म्हणजे एकच तार. लिहिणं सोडून कूलर उतरवला.

सॉकेटमध्ये ११५५ पिना. सरळ बघून काही दिसत नाही. मोबाइलची टॉर्च तिरकी धरून कॅमेरा झूम केला की सगळ्या पिना एका दिशेने चमकतात, शेतातल्या ओळींसारख्या. कडेजवळची एक चमकतच नव्हती. शेजारणीकडे किंचित कलली होती, टेकलेली नव्हती. शिसं काढलेल्या पेन्सिलीचं टोक तिच्यावर अलगद बसवलं, श्वास रोखून केसभर मागे ओढली.

दुसरा स्लॉट, तीच स्टिक, मेमटेस्टचा पहिला पास: शून्य एरर!

आता रडगाणं. कूलर परत बसवताना त्याच्या चार प्लॅस्टिकच्या पायांपैकी एकाचं टोक चपटं झालं. आत जातो, पण अडकत नाही. हे दाबून अडकवायच्या पायांचं पुश-पिन प्रकरण ज्याने शोधलं त्याला रोज एक कूलर काढायला-घालायला लावला पाहिजे. आता मागून पट्टी लावून स्क्रूने कसायचा कूलर घेणार. ११५५ ची भोकं ७५ मिमीवर असतात, त्यामुळे ११५०, ११५१ आणि १२०० चाही बसतो. ७७५ चा ७२ आणि १७०० चा ७८, ते दोन्ही नकोत.

मधल्या वेळात बोर्डाच्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलून टाकला. घड्याळ दर वेळी बोर्डाच्या जन्मसालात जायचं आणि सॉफ्टवेअर उतरवून घेणारं एपीटी ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ म्हणून हटून बसायचं. ते बंद झालं.

कूलर आला की रात्रभर मेमटेस्ट, मग इन्स्टॉल. फाइल सिस्टीम एक्सटी४ च घालणार होतो, पण आता बीटीआरएफएस घालावं असं वाटतंय. डेटाचे चेकसम (पडताळणीचे आकडे) ठेवतं, म्हणजे ती पिन परत कलली तर निदान बोंब तरी मारेल. सिस्टीमचे बॅकअप घेणारं टाइमशिफ्टही त्यावर झटपट चालतं. जुन्या साटा एसएसडीवर कुणी वापरत असेल तर कॉम्प्रेशन चालू ठेवलंय का, तेवढं सांगा.