आई कुठल्या युनिटात?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका लेबर ठेकेदाराकडं मी पगारपत्रक करतो. दर महिन्याला 43 जणांच्या स्लिपा निघतात. पीएफ 12 टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विमा पाऊण टक्का, प्रोफेशनल टॅक्स 200, वर उचल. कुणाचा पगार हातात पडायच्या आधीच संपलाय, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. चव्वेचाळिसावी स्लिप माझी. हातात 15,800. त्यातलं खोलीभाडं 4,500.

हे किमान वेतन ठरवतात कसं, ते एकदा शोधून वाचलं. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं कमावत्या माणसामागं तीन युनिटं, म्हणजे खाणाऱ्या माणसांची मापं, धरली. तो 1, बायको 0.8, दोन पोरं 0.6 प्रमाणं. युनिटमागं रोज 2,700 कॅलरी, घराला वर्षाकाठी 72 वार कापड. (72 वार! आमच्यात दिवाळीला पोरांपुरतंच येतं.) पुढं 1991 साली सुप्रीम कोर्टानं शिक्षण, दवाखाना, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. कागद चांगलाय. पण तीन युनिटांत माझी आई कुठंच नाही.

आई 66 वर्षांची. वडील सूतगिरणीत होते, त्यांच्यामागं तिला पेन्शन येते 1,000 रुपये. 2014 पासून तेवढीच. तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतच ती जाते. म्हणून फेब्रुवारी लागला की आई बेदाणा निवडायला जाते. सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, संध्याकाळी गुडघे धरून येते. शेजारणींना सांगते, "घरात बसून येळ जात नाही बघ." मी तिथंच उभा असतो. मीपण मान हलवतो.

यंदा दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं, तेव्हा पहिल्यांदा आईनंच चहा सोडला. पित्त होतंय म्हणाली.

मार्चात पेन्शनसाठी तिचा हयातीचा दाखला करायचा होता. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आली. मशीनवर अंगठा ठेवला, उमटेना. दुसरा ठेवला, तोही नाही. बोटांवरच्या रेषाच गेल्यात. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "आजी, चार दिवस हाताला काम देऊ नका, तेल लावा, मग या."

"मग सीझन संपल्यावरच येते बाबा," आई म्हणाली आणि डब्याची पिशवी उचलून परत कामावर गेली.