स्कीमावरून क्लास बनवताना टूल कसं निवडावं

आजचा दिवस एक्सएसडी फाइलींवरून, म्हणजे एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या स्कीमा फाइलींवरून, कोडमधले क्लास टूलने जनरेट करण्यात गेला. टूल निवडताना बहुतेक जण आधी भाषा बघतात. माझं म्हणणं, आधी स्कीमा उघडा. इम्पोर्ट (जोडलेल्या दुसऱ्या स्कीमा फाइली) किती, चॉइस (अनेक पर्यायांतून एक निवडायची जागा) किती, निलेबल (नल किंमत चालेल अशी खूण) कुठे कुठे आहे, यावर बरंच ठरतं.

डॉटनेटमधलं एक्सएसडी डॉट ईएक्सई छोट्या स्कीमाला पुरतं. पण इम्पोर्ट केलेल्या फाइली ते स्वतः शोधत नाही, सगळ्या कमांडमध्ये द्याव्या लागतात. त्याहून फसवी गोष्ट पुढे आहे. 'अमाउंट' हा डेसिमल एलिमेंट मिनऑकर्स ० (म्हणजे नसला तरी चालेल असा) असेल, तर सोबत 'अमाउंटस्पेसिफाइड' ही बूलियन प्रॉपर्टी तयार होते. ती ट्रू केली नाही, तर रक्कम भरूनही एक्सएमएलमध्ये उतरत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही!

जावात हेच काम एक्सजेसी करतं. जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) ११ पासून ते सोबत येत नाही, डिपेंडन्सी वेगळी घ्यावी लागते. शिवाय एक्सजेसीमागच्या जकार्ता एक्सएमएल बाइंडिंग लायब्ररीत ३.० पासून पॅकेजचं नाव बदललंय. जुने क्लास आणि नवा रनटाइम मिसळले की क्लासवर खुणेसारखी लिहिलेली जुनी अ‍ॅनोटेशन्स वाचलीच जात नाहीत. मिनऑकर्स ० आणि निलेबल एकत्र आले की साध्या स्ट्रिंगऐवजी जॅक्सबीएलिमेंट (किंमत आत गुंडाळून ठेवणारा ऑब्जेक्ट) हातात पडतो. बाइंडिंग फाइलमध्ये (एक्सजेसीला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये) जनरेटएलिमेंटप्रॉपर्टी फॉल्स केली की सुटका होते.

पायथनसाठी एक्सएसडेटा. डेटाक्लास (मुख्यतः माहिती ठेवणारे साधे क्लास) छान स्वच्छ मिळतात.

आणि कृपा करून जनरेट झालेल्या कोडमध्ये हाताने बदल करू नका, स्कीमा बदलला की सगळे पुसले जातात. तो बिल्डमध्येच बनू द्या. टूल पक्कं करण्याआधी खरी नमुना फाइल वाचून परत लिहून बघा, आणि दोन्ही फाइली ताडून पाहा.