नाडी लागत होती

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या हाडांच्या वॉर्डात ट्रॉलीखाली पाय सापडलेले पेशंट येऊ लागतात. गेल्या हंगामात असाच एक विशीतला मुलगा आला. नडगीचं हाड मोडलेलं, प्लास्टरचा स्लॅब घातलेला, ऑपरेशन सकाळी. रात्रीचा चार्ज घेताना मला सांगितलं गेलं, "नाडी लागते, बोटं हलतात. जरा कांगावा करतो."

साडेअकराला तो म्हणाला, "ताई, पाय फुटंल आता." इंजेक्शन देऊन तासही झाला नव्हता. त्याचा अंगठा हळूच खाली वाकवला, तर नडगीतून अशी कळ गेली की त्याने माझं मनगटच धरलं. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या बेचक्यात कापूस फिरवला, तो त्याला कळत नव्हता. पोटरी दगडासारखी. आणि पावलावरची नाडी? अगदी व्यवस्थित!

हीच नाडी फसवते. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत असतात आणि कप्प्याचं आवरण ताणत नाही. आत सूज वाढली की आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात. मोठ्या धमनीतला दाब त्याहून बराच जास्त, म्हणून नाडी लागत राहते आणि इकडे स्नायू उपाशी मरत असतात. ते वाचवायला हातात जेमतेम सहा तास.

ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून बँडेज आतल्या कापसासकट कापलं आणि पायाखालच्या दोन्ही उशा काढल्या. सूज दिसली की पाय उंच करायची आपल्या हाताला सवय असते, पण इथे उंच पायात रक्त आणखी कमी पोचतं. पाय हृदयाच्या पातळीला ठेवला. कळ कमी झाली नाही. दोनच्या आत तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता, कप्पे उघडले गेले.

पुढे लघवीच्या पिशवीवर माझी नजर होती. ती कोऱ्या चहासारखी दिसली तर मेलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीत उतरतंय. शिवाय तीन दिवस श्वास, बोलण्यातली गुंगी, काखेतले बारीक लाल ठिपके. लांब हाडातली चरबी रक्तात गेली तर हे दिसतं.

"कांगावा" हा शब्द मी आता चार्ज देताना कुणाला वापरू देत नाही. किती दुखतंय, इंजेक्शन कधी दिलं, किती वेळाने पुन्हा मागितलं, एवढंच सांगा म्हणते.

तिसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी त्याने मला हाक मारली आणि अंगठा स्वतःहून वर उचलून दाखवला. जखमा अजून उघड्याच होत्या, कातडी लावायची बाकी होती. त्याची आई पलंगाच्या कडेला बसून त्या अंगठ्याकडेच बघत होती.