राखेचे गिऱ्हाईक

एका कारखान्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या कारखान्याचा कच्चा माल व्हावा, ही कल्पना ऐकायला इतकी सरळ आहे की ती सगळीकडे आपोआप का घडत नाही, असा प्रश्न मला बरेच दिवस पडत असे. वाचत गेलो तसे लक्षात आले की अडचण रसायनशास्त्रात क्वचितच असते. कोणत्या राखेपासून काय करता येते, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. खरी अडचण अशी की देणाऱ्याच्या लेखी तो कचराच असतो आणि घेणाऱ्याला मात्र माल हवा असतो.

जिप्समचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढण्यासाठी, चुनखडीची बारीक पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा त्या धुरावर मारतात. एवढ्यावर थांबले तर मुख्यतः कॅल्शियम सल्फाइटचा गाळ हाती येतो, ज्यातले पाणी सहजासहजी निघत नाही आणि ज्याला सहसा गिऱ्हाईकही नसते. त्याच टाकीत हवा फुंकली की सल्फाइटचे सल्फेट होते आणि जिप्समचे स्फटिक तयार होतात, जे भिंतींचे तक्ते बनवणाऱ्या कारखान्याला चालतात. पण तेही जसेच्या तसे नव्हे. ते धुऊन क्लोराइड कमी करावे लागते, कारण ते जास्त राहिले तर तक्त्याचा कागद जिप्समला नीट चिकटत नाही. शिवाय पाणीही बरेचसे काढून टाकावे लागते. म्हणजे ज्या वीजकेंद्राचे सगळे लक्ष विजेवर असते, त्याला आता आणखी एका मालाची प्रत रोजच्या रोज सांभाळायची असते.

लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतल्या धातुमळीचेही (धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या टाकाऊ भागाचेही) तसेच. वितळलेली मळी सावकाश निवू दिली तर तिचा स्फटिकमय दगड होतो आणि तो खडी म्हणून रस्त्याखाली जातो. तीच मळी भट्टीतून निघताक्षणी पाण्याच्या जोरदार झोताने थंड केली तर तिचे काचेसारखे दाणे होतात, जे दळून सिमेंटमध्ये क्लिंकरचा, म्हणजे चुनखडी भाजून बनवलेल्या सिमेंटच्या मुख्य घटकाचा, मोठा भाग वाचवता येतो. एक टन क्लिंकर बनवताना साधारण ०.८ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून नव्हे, तर खुद्द चुनखडीतून निघतो, हे ध्यानात घेतले तर या दाण्यांचे मोल कळते. पदार्थ एकच, त्याची खडी होणार की सिमेंट, हे भट्टीच्या तोंडाशी काही क्षणांत ठरते, आणि तिथे पाण्याची ती यंत्रणा बसवायची की नाही, हे पलीकडे कोणी घेणारा उभा आहे का यावर.

कधी एका सुधारणेने दुसरी बिघडते, तो भाग मला विशेष रंजक वाटतो. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून वीजकेंद्रांनी बर्नर बदलले, तेव्हा अनेक ठिकाणी काँक्रीटमध्ये मिसळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कोळशाच्या राखेत न जळलेला कार्बन वाढला. काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे राहावेत म्हणून जे रसायन घालतात, ते हा कार्बन स्वतःत शोषून घेतो, आणि कालपर्यंत खपणारी राख आज परत येते.

या विषयात डेन्मार्कमधल्या कालुंदबोर्ग या छोट्या बंदराच्या गावाचे नाव नेहमी निघते. तिथली सुरुवात पर्यावरणाच्या कळवळ्यातून झाली नव्हती. भूजल अपुरे होते, म्हणून १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिसो तलावाचे पाणी आणण्याची योजना झाली. १९७२ मध्ये त्याच कारखान्याचा, एरवी जाळून टाकला जाणारा वायू जिप्समचे तक्ते बनवणाऱ्या शेजाऱ्याकडे जाऊ लागला. १९८१ पासून वीजकेंद्राची उष्णता गावातल्या घरांना मिळू लागली आणि १९९३ पासून त्याच केंद्राचे जिप्सम तक्त्यांच्या कारखान्यात पोचू लागले. कोणीही संपूर्ण नकाशा आधी आखला नव्हता. दोन-दोन कंपन्यांनी आपापल्या फायद्याचे करार केले आणि त्या सगळ्याला ‘औद्योगिक सहजीवन’ हे नाव फार उशिरा मिळाले. गाव लहान, व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे. आपल्या भट्टीतून काय निघते हे शेजाऱ्याला सांगण्यात त्यांना संकोच नव्हता. माझ्या मते बाकी कशाहीपेक्षा हीच गोष्ट नक्कल करायला कठीण आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा औद्योगिक वसाहती मुद्दाम आखण्याचे प्रयत्न झाले, पण त्यातल्या बहुतेकांमध्ये देवाणघेवाण कागदावरच राहिली.

सगळ्याच कचऱ्याला गिऱ्हाईक मिळते असेही नाही. अल्युमिनियमचा कच्चा माल असलेल्या एक टन अल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल चिखल निघतो. तो तीव्र अल्कधर्मी असतो, आणि त्यातला फार मोठा भाग आजही तलावांत किंवा ढिगाऱ्यांत साठवूनच ठेवला जातो.

शिवाय जोडलेली साखळी तुटूही शकते. कालुंदबोर्गच्या वीजकेंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या तुकड्यांवर वाफ आणि उष्णता निर्माण करायला सुरुवात केली, हे हवामानासाठी चांगलेच झाले. पण कोळसा गेला की गंधक जाते आणि गंधकाबरोबर जिप्समही. युरोपात जिथे जिथे कोळशाची केंद्रे बंद होत आहेत, तिथे तक्ते बनवणाऱ्यांना एकतर खाणीकडे परतावे लागते किंवा पाडलेल्या इमारतींतले जुने तक्ते गोळा करावे लागतात. ते तक्ते दळण्यापूर्वी त्यांच्यावरचा कागद, रंग आणि खिळे काढावे लागतात, आणि पाडकाम करणारा ठेकेदार ते विटामातीत मिसळू न देता वेगळे ठेवील की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.