सतरा एकांचे अवयव: प्रगतीची नोंद

आजची स्थिती: 11111111111111111 = 2071723 × 5363222357. दोन्ही अवयव मूळ. सतरा एके संपले.

सरळ 3, 7, 11 असे भाग देत बसायचं कारण नाही. मूळ संख्या प ने या एकांना भाग जात असेल, तर 10 च्या 17व्या घाताला प ने भागून बाकी 1 उरते. एकांची बेरीज 17, म्हणजे प = 3 बाद. 17 स्वतः मूळ असल्याने मग प − 1 ला 17 ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून प = 34क + 1 (क कोणताही पूर्णांक). दुसरी चाळणी याहून गोड आहे: 10 चा 18वा घात म्हणजे 10 च्या 9व्या घाताचा वर्ग, आणि त्याची बाकी 10 येते. म्हणजे प च्या हिशेबात 10 हा पूर्ण वर्ग ठरतो. त्यामुळे प ला 40 ने भागून बाकी 1, 3, 9, 13, 27, 31, 37 किंवा 39 यांपैकीच हवी. पाचातले तीन उमेदवार इथेच गळतात.

सतरा एकांच्या वर्गमूळापर्यंत क जवळपास 31 लाखांवर जातो. अवयव सापडला क = 60933 ला, म्हणजे नशीब बरं. उरलेल्या अवयवाचं वर्गमूळ 73234 च्या आसपास, आणि तिथपर्यंतचं सगळं आधीच तपासलेलं. तो मूळ आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

पडताळा बारा आकडी कॅल्क्युलेटरवर होतो. 10 च्या 8व्या घाताला 2071723 ने भागून बाकी 557296. तिचा वर्ग 310578831616, त्यातून 149913 × 2071723 वजा केले की 621517. ही 16व्या घाताची बाकी. 17व्यासाठी दहाने गुणून 6215170, त्यातून तिप्पट 6215169 वजा, बाकी 1. भागाकारात 149913.3 दिसतं म्हणून 0.3 × 2071723 करून बाकी काढू नका. 621516.9 येतं, दशांश छाटला की एकाने चूक आणि शेवटी 1 ऐवजी भलतंच.

खरा घोळ स्प्रेडशीटमध्ये. तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटचे दोन एक शून्य होतात. प्रोग्राममध्ये दशांशाचा प्रकार वापरला तर संख्या 11111111111111112 होते, कारण 9007199254740992 च्या पुढे विषम संख्या त्यात मावत नाहीत. मग तिला 8 ने आणि 9 ने भाग जाताना दिसतो! देवळालीचे गणिती कापरेकर यांची डेम्लो संख्या 12345678987654321 (नऊ एकांचा वर्ग) सुद्धा सतरा अंकी, तिचाही शेवटचा 1 असाच 0 होतो. पूर्णांकच वापरा.

गंमत म्हणून 1 ÷ 2071723 करून पाहा: 00000048269001213 हे सतरा अंक अखंड फिरत राहतात. 48269001213 म्हणजे मोठ्या अवयवाची नऊपट.

अठरा एके सोडले, 11 आणि 111 ने उघडच भाग जातो. सध्या एकोणीस चालू: रूप 38क + 1, क सुमारे 2 कोटी 77 लाखांपर्यंत, चाळणीनंतर 1 कोटी 11 लाख उमेदवार. ती संख्या मूळ असल्याचं माहीत आहे, तेव्हा काही सापडलंच तर चूक प्रोग्रामची. बाक्यांचे वर्ग 64 बिटांत बसतात.