तांदळातलं नाव

"आणखी कुठल्या नावाने ओळखतात का तुम्हाला?"

पासपोर्ट केंद्रात बी काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं. फॉर्ममधलाच प्रश्न. आई एकदम गप्प. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या फाइलकडे.

सदुसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट. ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे सगळं सुरळीत झालेलं. (भांडी घासून झिजलेली बोटं उमटतील की नाही, ही धास्ती माझीच.)

"लग्नाआधी कुसुम होते," आई म्हणाली. "मग ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सुनंदा लिहिलं."

"त्याचा काही कागद?"

कसला कागद? 1979 साली सून घरात आल्यावर कोण गॅझेटला नाव द्यायला गेलं होतं? शाळेचा दाखला कुसुमचा, आधार सुनंदाचं. मधला पुरावा म्हणजे ते ताट. फाइल अडकली, हे वेगळं सांगायला नको.

आता कागद जमवायचे. पुढे पोलीस पडताळणी. कुणी शेजाऱ्यांना विचारलंच, तर त्या बिचाऱ्यांना कुसुम माहीतच नाही.

येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते तांदूळ दुसऱ्या दिवशी मीच शिजवले."

तुमच्या आईला माहेरच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंय का?