चार्जिंगचा दिवा

आमच्याकडे फियाट आहे. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, 1984ची, पण ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत तिला पद्मिनी म्हणणारा अजून भेटायचाय. गाडी बाबांची. बाबा 79 वर्षांचे. सकाळी दोघांपैकी आधी कोण सुरू होतं यावर आई पैज लावते, आणि हल्ली ती बाबांवर लावत होती.

पावसाळा संपता संपता गाडीनं बॅटरी खायला सुरुवात केली. चावी फिरवली की नुसतं टक्. मग वॉचमन, पेपरवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा असे तिघं मिळून धक्का. बॅटरीवाल्यानं नवी बॅटरी गळ्यात मारली, साडेचार हजार. तीन आठवड्यांनी पुन्हा टक्. मग एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून, आत हात न घालता सांगितलं, "ऑल्टरनेटर गेलाय मॅडम. नवाच टाका." ऑल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. बाबा नवा टाकायला निघालेसुद्धा होते.

मला खटकत होतं ते वेगळंच. महिन्यातून एकदा आम्ही शहापूरला आत्याकडे जातो. तिथून आलं की गाडी चार दिवस शहाण्यासारखी वागायची. आठवडाभर बाबांच्या फेऱ्या झाल्या, म्हणजे गोखले रोड, राममारुती रोड, जांभळी नाका, तलावपाळीला एक चक्कर, की शुक्रवारी बॅटरी बसलेली. मेलेला ऑल्टरनेटर नाशिक हायवेवर जिवंत होतो आणि गोखले रोडवर मरतो, असं कसं?

मी अकरावी-बारावीला फिजिक्सची प्रॅक्टिकल घेते. दरवर्षी शंभरेक पोरांना मल्टिमीटर कसा धरायचा ते शिकवते. घरच्या गाडीला मात्र मी तो दीड महिन्यानं लावला, हे इथं कबूल केलेलं बरं.

गाडी बंद असताना बॅटरीवर 12.2 व्होल्ट. धक्का मारून चालू केली, स्लोवर ठेवली, तर 12.0. चार्जिंग होत असेल तर इथं चौदाच्या आसपास दिसायला हवं. म्हणजे काहीच येत नव्हतं. मग बाबांना म्हटलं, "जरा रेस द्या." त्यांनी पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि आकडा एकदम 14.2 वर उडी मारून गेला. पाय काढला तरी तिथंच राहिला. ऑल्टरनेटर ठणठणीत होता. त्याला उठवायला कुणी नव्हतं, एवढंच.

उथळसरला एक वायरिंगवाले मामा आहेत. जुन्या गाड्यांचं काम आता फारसं कुणी धरत नाही. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात बंद झाल्यापासून पार्टवालेही "अजून चालवता?" असं विचारतात, जणू आपण घरात बिबट्या पाळलाय. मामांनी मात्र बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, चावी ऑन केली, इंजिन चालू केलं नाही, आणि डॅशकडे बघत राहिले.

"लाल दिवा कुठाय?"

"लागत नाही तो," बाबा म्हणाले. "लागत नाही म्हणजे चांगलंच ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली.

चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो चार्जिंगचा दिवा लागायलाच हवा. तेव्हा लागला तरच तो नंतर विझला याला काही अर्थ. इतकं बाबांनाही पटलं. त्यांचं म्हणणं असं की बल्ब उडाला असेल तर उडू दे, दिव्यावाचून गाडीचं काय अडतं? आणि गंमत म्हणजे बाबांचं हे म्हणणं एकेकाळी अगदी बरोबर होतं.

ही गाडी आली तेव्हा तिला डायनामो होता, ऑल्टरनेटरचंच काम करणारा त्याचा जुना भाऊबंद. डायनामोत चुंबक होणारं लोखंड बाहेर, जागच्या जागी असतं, आणि त्यात जुनं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. इंजिन फिरलं की तेवढ्यावर तो स्वतःचं स्वतः पेटतो. तिथं लाल दिवा निव्वळ निरोप्या. तो मेला तरी कामकाज चालू. आता ऑल्टरनेटर. बाबांनी 2001 साली डायनामो काढून तो बसवून घेतला, कारण रात्री पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम चालवले की डायनामो दमायचा. ऑल्टरनेटरमध्ये चुंबक मधल्या फिरत्या कॉइलचा होतो, आणि त्या कॉइलला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो. आमच्या गाडीत तो करंट येतो कुठून? बॅटरीकडून, चावीतून, त्या लाल दिव्याच्या बल्बातून. बल्बची तार हीच वाट. करंट त्यातून कॉइलमध्ये जातो म्हणून दिवा पेटतो. ऑल्टरनेटर चालू झाला की बल्बच्या दुसऱ्या टोकालाही तेवढेच व्होल्ट येतात, रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या जोराच्या असल्यासारखे, आणि बल्बात काही वाहतच नाही. म्हणून तो विझतो. बल्ब उडाला की वाटच तुटली. मग फिरत्या लोखंडात जे किंचित चुंबकत्व उरलंय तेवढ्याच्या भरवशावर राहायचं, आणि ते जागं व्हायला जोरात फिरावं लागतं. हायवेवर फिरतं. गोखले रोडवर दुसऱ्या गिअरात कुठून फिरणार?

म्हणजे 2001 मध्ये निरोप्याला कामावर घेतलं, आणि बाबांना कुणी सांगितलंच नाही. (सगळ्याच गाड्यांत बल्ब असा कामाला लावलेला नसतो. पुष्कळ गाड्यांत ऑल्टरनेटरला चावीवरून वेगळी वायर येते. तेव्हा तुमचा दिवा गेला आणि बॅटरी बसत नाही, तर मला खोटं पाडू नका.)

बल्ब बदलायचं काम मात्र मामांनी माझ्याकडे ढकललं. "तुमचा हात बारीक आहे." बॅटरीची निगेटिव्ह काढली, डॅशखाली उताणी झोपले, पाय दाराबाहेर, वॉचमन येऊन विचारून गेला की काही झालंय का. मीटरच्या मागं चाळीस वर्षांची धूळ, स्पीडोमीटरची जाड केबल मधोमध, आणि वायरी इतक्या कडक की वाकवायची भीती. होल्डर ओढल्यावर निघाला. बल्ब काळाठिक्कर. मल्टिमीटर लावला, आरपार काही नाही. होल्डरला गंज होता तो पॉलिश पेपरनं घासला. हे केलं नाही तर नवा बल्बही अधूनमधून रुसतो.

दुकानदार एलईडी देत होता, "आयुष्यभर जात नाही". घेतला नाही. जुना बल्ब दोन वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 170 मिलीअँपिअर. छोटा एलईडी वीसेक मिलीअँपिअरवर चमकतो आणि तेवढाच पुढं जाऊ देतो. दिवा छान दिसला असता, ऑल्टरनेटर झोपलेलाच. तारेचे दोन बल्ब घेतले, एक ग्लव्हबॉक्समध्ये ठेवला. तीस रुपये दोन्हीचे.

चावी ऑन. लाल. सेल्फ मारला, इंजिन लागलं, दिवा विझला. मल्टिमीटरवर 14.1, तेही स्लोवर. बाबांनी टाळी वाजवली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चावी ऑन केली तेव्हा ऑईलचा दिवाही लागला नव्हता.

हा बल्ब काढून पाहिला, शाबूत. मग बॉनेट उघडलं. या दिव्याची वायर इंजिनवरच्या ऑईल प्रेशरच्या स्विचवर जाते. प्रेशर नसेल तर स्विच तिला बॉडीला टेकवतो आणि दिवा लागतो, प्रेशर आलं की सोडतो. आमची वायर स्विचवर नव्हतीच. शेजारच्या पाइपला तिला व्यवस्थित काळी टेप लावून बांधलेलं होतं. वायरचं टोक इंजिनला टेकवलं, आत दिवा लख्ख.

"बाबा, ही कुणी काढली?"

बाबा आरशावरची धूळ पुसू लागले. "सिग्नलला उभं राहिलं की सारखा लुकलुकायचा तो. तुझी आई घाबरायची."

"मी?" वरून गॅलरीतून आवाज आला.

वायर लावली. पाच मिनिटं गाडी गरम होऊ दिली, स्लोवर आणली, आणि तो लुकलुकू लागला. कदाचित स्विच खराब असेल, ऑईल पातळ झालं असेल, कदाचित इंजिनच्या आतली बेअरिंगं. मामा शनिवारी स्विच काढून त्या जागी प्रेशरचं गेज लावून बघणार आहेत. तोवर चावी माझ्या पर्समध्ये आहे. बाबा कालपासून रिक्षानं जांभळी नाक्यावर जातायत, आणि रिक्षात बसल्यावर पुढं वाकून आधी तिचे दिवे बघतात, असं आई सांगत होती.